संत्र्याच्या रसाची घरगुती बर्फकांडी

मे महिन्यात नागपुरातील उष्णतामान ४५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते आणि काही वर्षी त्याही वर चढते. शाळांना सुट्टी असते. दारावरून हातगाडी गेली की मुले बर्फकांडीसाठी हट्ट धरतात. त्या कांडीतील पाणी कोठले व रंग कसला, हे आईला ठाऊक नसते. म्हणून रामदासपेठेसारख्या वस्तीतील अनेक गृहिणी घरीच संत्र्याची कांडी करून पाहतात. परंतु पुष्कळदा अनुभव असा येतो की, भरताना गोड लागलेला रस दुसऱ्या दिवशी कांडी होऊन बाहेर येतो तेव्हा कडू लागतो. मुले एक घास घेऊन कांडी टाकून देतात, आणि पुन्हा हातगाडीकडे धावतात. हा दोष रेफ्रिजरेटरचा किंवा साखरेचा नसतो. रस काढण्याच्या रीतीत त्याचे मूळ असते, आणि थोडी काळजी घेतल्यास तो टाळता येतो.

फळांची निवड

नागपुरी संत्र्याचे मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तयार होतात. मृग बहाराची फुले पावसाच्या आरंभी येतात व फळे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास बाजारात येतात. उन्हाळ्यातील कांडीसाठी मृगाचीच फळे उपयोगी पडतात.

या कामासाठी मोठ्या व देखण्या फळांची आवश्यकता नाही. आकाराने लहान किंवा सालीवर डाग असलेल्या फळांना बाजारात भाव कमी मिळतो. पण त्यांतील रस तितकाच उपयोगी असतो. बागाईतदाराच्या घरी अशी फळे वाया जाऊ देऊ नयेत आणि शहरातील गृहिणीनेही ती नाकारू नयेत. मात्र फळ पूर्ण पिकलेले असावे. कच्च्या फळात कडवटपणा अधिक असतो. सडलेले, बुरशी लागलेले किंवा फुटलेले फळ घेऊ नये.

रस कडू का होतो

संत्र्याच्या बिया, फोडीवरील पापुद्रा आणि सालीखालचा पांढरा भाग यांत एक द्रव्य असते. मूळ स्वरूपात त्याला कडू चव नसते. रस काढताना हे भाग चिरडले गेले की ते द्रव्य रसात उतरते, आणि रसातील आंबटपणामुळे त्याचे हळूहळू ‘लिमोनिन’ नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होते. या क्रियेला काही तास लागतात. म्हणूनच ताजा रस गोड लागतो व ठेवलेला रस कडू होतो. रस तापविल्यास हीच क्रिया अधिक वेगाने घडते.

यावरून तीन नियम निघतात: बिया व पापुद्रे चिरडू नयेत, रस तापवू नये, आणि गाळलेला रस विलंब न लावता गोठण्यास ठेवावा. विजेच्या मिक्सरमध्ये सबंध फोडी फिरविण्याची रीत सोपी असली तरी या तिन्हींपैकी पहिला नियम तीच मोडते.

साहित्य

सुमारे १४ कांड्यांसाठी पुढील प्रमाण घ्यावे:

संत्री, सुमारे दीड किलो (गाळलेला रस ६०० मिलिलिटर)
कागदी लिंबांचा रस, ३० मिलिलिटर
साखर, १०० ग्रॅम
उकळून गार केलेले पाणी, १५० मिलिलिटर
मीठ, चिमूटभर

फळांत रस कमी निघाल्यास आणखी दोन-तीन फळे घ्यावीत. पाणी वाढवू नये.

कृती

१. प्रथम पाण्यात साखर व मीठ घालून, साखर विरघळेपर्यंत तापवावे आणि हा पातळ पाक पूर्ण गार होऊ द्यावा. गरम पाक रसात ओतणे म्हणजे रस तापविण्यासारखेच आहे.

२. फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. हात, सुरी, गाळणी व साचेही स्वच्छ धुवावेत. लाकडी काड्या उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून कोरड्या कराव्यात.

३. फळाचे आडवे दोन भाग करून, दिसतील त्या बिया काढून टाकाव्यात व हाताच्या रसयंत्रावर हलकेच दाबावे. शेवटचा थेंब काढण्याचा मोह धरू नये. त्या शेवटच्या दाबाबरोबर पांढऱ्या भागातील कडवटपणा उतरतो. रसयंत्र नसल्यास फोडी सोलून, बिया काढून, आतील गर गाळणीवर हळू दाबावा.

४. रस लगेच बारीक गाळणीतून गाळावा. चोथा रसात राहू देऊ नये.

५. रस, लिंबाचा रस व गार पाक एकत्र करावा. मिश्रण चाखल्यास ते किंचित जास्त गोड वाटले पाहिजे, कारण अतिशय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते.

६. साचे भरताना वर सुमारे एक दशांश जागा मोकळी ठेवावी. पाणी गोठताना फुगते. साचे नसतील तर स्टीलचे लहान पेले चालतात. तांब्या-पितळेची किंवा ॲल्युमिनियमची उघडी भांडी आंबट रसासाठी वापरू नयेत.

७. साचे बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. तास-दीड तासाने मिश्रण भुसभुशीत झाले की काड्या उभ्या खोचाव्यात. सहा ते आठ तासांत कांडी पक्की होते. साचा काही क्षण साध्या पाण्यात धरला की कांडी सुटून येते.

साखरेचे प्रमाण

साखरेचे काम केवळ गोडीचे नाही. साखर विरघळलेले पाणी शून्य अंशाच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, आणि गोठल्यावरही त्यात थोडा द्रव शिल्लक राहतो. त्यामुळे कांडी दातांनी तुटेल इतकी मऊ राहते. साखर फार कमी केल्यास कांडी दगडासारखी होते व चोखताना रस निघून जाऊन नुसता बर्फ उरतो. उलट साखर दुप्पट केल्यास घरगुती बर्फाच्या कप्प्यात कांडी नीट धरतच नाही. वरील प्रमाणात रसातील मूळची गोडी धरून मिश्रणात सुमारे १८ टक्के साखर येते.

रेफ्रिजरेटर नसल्यास

खेड्यातील घरी मटका-कुल्फीची जुनी रीत उपयोगी पडते. तीन भाग फोडलेला बर्फ व एक भाग जाडे मीठ वजनाने घेऊन ते मटक्यात थरांनी भरावे. मिठामुळे बर्फ वेगाने वितळतो व तसे होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. मिश्रणाचे उष्णतामान शून्याखाली १५ अंशांच्याही खाली उतरू शकते. नुसत्या बर्फात गोड रस गोठत नाही, तो यात गोठतो. झाकणाचे स्टीलचे साचे घेऊन झाकणाच्या कडेला भिजविलेली कणीक लावावी, म्हणजे खारे पाणी आत जात नाही. मटक्याला ओले पोते गुंडाळावे व अधूनमधून मटका हलवावा. बर्फ विरघळेल तसा नवा बर्फ व मीठ घालावे.

पाण्याची शुद्धता

गोठविल्याने जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. कित्येक जंतू बर्फात निपचित राहतात व पोटात गेल्यावर पुन्हा वाढू लागतात. म्हणून कांडीसाठी पाणी उकळलेलेच घ्यावे. माल थंड ठेवण्यासाठी तयार होणारा कारखान्यातील बर्फ खाण्यासाठी नसतो. तो ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली लागू करण्यात आला. असा बर्फ मटक्यात साच्यांच्या बाहेर वापरता येईल. पण साचे बाहेर काढल्यावर झाकण उघडण्यापूर्वी ते उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन पुसावेत.

साठवण

गोठलेल्या कांड्या साच्यातून काढून बंद पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे रेफ्रिजरेटरमधील इतर पदार्थांचा वास त्यांना लागत नाही. तीन-चार आठवड्यांत त्या संपवाव्यात. एप्रिलमध्ये फळ संपण्यापूर्वी गाळलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवून त्याचे खडे पिशवीत भरून ठेवले, तर मे महिन्यातही कांडी करता येते. वीज दीर्घकाळ गेल्याने कांड्या विरघळल्या असतील तर त्या पुन्हा गोठवू नयेत.

नव्या फळांचा रस काढल्यावर त्यातील एक वाटी झाकून बाजूस ठेवावी व चार-पाच तासांनी चाखून पाहावी. ती कडू लागली, तर फळ कच्चे होते किंवा हात जड पडला असे समजावे आणि पुढील खेपेस दाब हलका करावा. दोन-तीन खेपांत हात बसतो. एकदा तो बसला की बाजारात मागे राहिलेल्या लहान फळांपासून मुलांना निर्धास्तपणे देता येईल असा पदार्थ घरीच तयार होतो. आणि त्या फळांना गिऱ्हाईक मिळाले, तर त्यात बागाईतदाराचेही हित आहे.