कॅमेरा हाती आल्यानंतरची तालीम

मेहकर किंवा चिखलीचा एखादा विद्यार्थी लग्नसमारंभांचे चित्रण करून चार पैसे मिळवू लागला आणि पुढे हाच व्यवसाय करीन असे घरी म्हणू लागला, म्हणजे पालकांच्या मनात जी चिंता उत्पन्न होते ती अनाठायी नाही; मात्र तिचे निवारण कॅमेरा काढून घेण्याने होत नसून, यंत्र चालविण्याच्या कसबापासून प्रकाशाने कथा सांगण्याच्या विद्येपर्यंतचा जो मधला, कष्टाचा टप्पा आहे, तो मुलाकडून नीट पुरा करवून घेण्याने होते.

या अभ्यासाला आपलाच मुलूख पुरेसा आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या लोणार विवराचे काठावरून घेतलेले दृश्य कोणाचेही भव्य येते, परंतु भव्यता म्हणजे कथा नव्हे. वनखात्याची परवानगी घेऊन, काठावरून कमळजादेवीच्या देवळाकडे उतरणाऱ्या एका वृद्धेची कथा एकही शब्द न वापरता सात-आठ शॉटमध्ये सांगून पाहावी. विवराच्या विस्तारात ती किती लहान दिसावी, तिचा चेहरा जवळून केव्हा दाखवावा, उन्हातून झाडीत शिरताना आकाश उजळून गेले तरी चेहरा राखावा की चेहरा काळवंडू देऊन आकाश राखावे, हे निर्णय कॅमेऱ्याच्या स्वयंचलित योजनेवर सोपविता येत नाहीत. पहिल्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जाणारी ती बाई, कॅमेरा तिच्या वाटेच्या पलीकडे नेताच, परत फिरल्यासारखी भासते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर सामान्यतः 1/50 ठेवावा. आपल्याकडील 50 हर्ट्झच्या विजेवरील ट्यूबच्या उजेडातही त्यामुळे चित्र लुकलुकत नाही.

अविनाश अरुण हे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकले आणि त्यांनी स्वतःच दिग्दर्शित व चित्रित केलेल्या ‘किल्ला’ला 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळाले. आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाचे एकाकीपण त्यात संवादांइतकेच पावसाने आणि समुद्राने सांगितले आहे. विद्यार्थ्याने तो चित्रपट एकदा आवाज बंद करून पाहावा.

प्रभात कंपनीच्या जागेत 1960 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेतील छायालेखनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवी आणि प्रवेशपरीक्षा दोन्ही लागतात, म्हणून महाविद्यालय अर्ध्यावर सोडण्याचा विचार मी सर्वस्वी चुकीचा मानतो. प्रवेश न मिळाल्यास सहायकाची उमेदवारी हा मानाचा मार्ग आहे, परंतु त्यातील आरंभीची प्राप्ती अनियमित असते, हे घरात आधीच बोलून घ्यावे. कर्ज काढून महागडा कॅमेरा मात्र घेऊ नये. पालकांना माझी विनंती एवढीच, की मुलाने केलेली पहिली शब्दविरहित चित्रफीत त्यांनी स्वतः बसून पाहावी आणि कथा समजली की नाही, ते त्याला स्पष्ट सांगावे.