परक्या घरी वाढणाऱ्या मुलाची शाळा



तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तेरणाकाठच्या एका खेड्यात आमचे जाणे झाले. सायंकाळच्या सभेस एक बाई दहा वर्षांच्या मुलीस घेऊन आली होती. मुलगी तिच्या मयत बहिणीची. बाप पूर्वीच वारला होता, आई त्याच महिन्यात गेली होती, आणि मावशीने पोरीस आपल्या चार लेकरांत घेतले होते. मंडळीने मावशीचे कौतुक केले. कोणी जोंधळे दिले, कोणी परकराचे कापड दिले, आणि मुलीस आसरा मिळाला असे म्हणून आम्ही समाधानाने घरी परतलो. शिमग्याच्या सुमारास पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा मुलीस सहज विचारले, "बाळ, कितवीत आहेस?" ती खाली पाहू लागली. मावशी म्हणाली, "पाचवीत हुती, साहेब. पर दाखलाच आला न्हाई. तवर शेरडं राखती."

आठ महिने ती मुलगी शाळेबाहेर होती. मावसा दोनदा मजुरी बुडवून जुन्या गावी गेला होता. एकदा गुरुजी भेटले नाहीत, दुसऱ्यांदा बापाला घेऊन या असे त्यास सांगण्यात आले. त्या शाळेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हे. पावसाळ्यातल्या त्या सभेत आम्ही बसलो होतो, मंडळीचे वडील होते, उपदेशक होते. पोरगी जेवली का, हे सर्वांनी विचारले. तिची शाळा कोणती, हे कोणीच विचारले नाही. आजचा पाठ ह्याच चुकीवरून घेतला आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यास दुसऱ्याचे मूल घरात वाढविणे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चार वाजण्यापूर्वी भूकंप झाला. लातूरकडील किल्लारी व आपल्याकडील सास्तूर ही नावे तेव्हापासून साऱ्या देशास ठाऊक झाली. बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या एका पहाटेत किती मुले पोरकी झाली हे उमरगा व लोहारा भागातील वडीलधाऱ्या माणसांस विचारावे. बहुतेक मुलांना आजोळी, चुलत्याकडे, आत्याकडे ठाव मिळाला. परंतु त्या वेळी काही माणसांनी असेही ओळखले की, अन्नवस्त्राची मदत ट्रकांतून येईल व थांबेल, शाळा मात्र दहा-बारा वर्षे चालवावी लागेल. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर व धाराशिव ह्या दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. पुढे वाघोली येथे त्या कार्याचे मोठे शैक्षणिक केंद्र उभे राहिले. इकडे नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा व राष्ट्र सेवा दलाची मंडळी यांनी "आपलं घर" उभे केले आणि मुलांस आपल्याच मातीत ठेवून शिकविले.

ह्या दोहोंपैकी कोणता मार्ग चांगला, असे आम्हांस कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. ज्या मुलाचे कोणीच उरले नाही त्यास दूरच्या वसतिगृहानेच माणूस बनविले, अशी उदाहरणे आहेत. तथापि मावशी किंवा आजी जिवंत असेल व तिची इच्छा असेल, तर मूल घरातच राहावे असे आमचे मत आहे. आजचा कायदाही तेच म्हणतो. संस्था हा त्याने शेवटचा उपाय मानला आहे. पण घरात ठेवावयाचे तर भूकंपानंतर त्या दोन्ही ठिकाणी शाळेची जशी काळजी वाहिली गेली, तशी ती घरात कोणीतरी एकट्याने वाहिली पाहिजे. येथेच आपण उणे पडतो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट ह्या ठिकाणी आठवते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप थोड्याच काळाच्या अंतराने गेले. परंतु मातोश्री लक्ष्मीबाई यांनी मुलीस आधीच विद्या दिली होती, आणि त्या विद्येच्या बळावरच ती पोरकी मुलगी भावासह अर्धा देश पायी तुडवून कलकत्त्यास पोहोचली व तेथील विद्वानांच्या सभेत मान्य झाली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातील मुली त्यांनी केडगावास आणल्या, तेव्हा त्यांस केवळ अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. अक्षरओळख, विणकाम, छापखान्याचे काम असे शिक्षण तेथे सुरू झाले. उपासमारीने अंगात हाडेच उरलेल्या मुलींस पाटी देणे काहींस तेव्हा विचित्र वाटले असेल. रमाबाईंस वाटले नाही.

आता दाखल्याची गोष्ट. सन २००९ चा बालशिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास लागू आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मधली वर्षे बुडाली असली तरी मुलास त्याच्या वयाच्या वर्गातच बसवावयाचे व मागे पडलेला अभ्यास विशेष शिकवणीने भरून काढावयाचा, असे त्यात स्पष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलीस दुसरीच्या पोरांत बसविले तर ती लाजेनेच शाळा सोडील, हे कायदा करणाऱ्यांनी जाणले असावे. म्हणून मूल घरात आले की त्याच आठवड्यात त्यास हाती धरून गावच्या शाळेत न्यावे, मुख्याध्यापकांस भेटावे, आणि दाखला मागविण्याचे काम शाळेने शाळेकडून करावे अशी नम्र विनंती करावी. मजूर माणसाचे शब्द कोणी ऐकत नाही असा अनुभव असेल तर उपदेशकाने किंवा मंडळीच्या वडिलांनी बरोबर जावे. भांडण करू नये. कायद्याचे वर्ष व नाव सांगितले म्हणजे बहुधा पुरते.

दुसरे म्हणजे पैसा. आपल्या राज्यात सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आईबाप नसलेल्या, किंवा एकच पालक उरलेल्या व त्यासही वाढविणे अशक्य झालेल्या मुलास कुटुंबातच ठेवून वाढवावे, हा तिचा हेतू. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाले. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ते मिळू शकते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावयाचा व हुकूम बालकल्याण समितीने द्यावयाचा असतो. आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाचे व सांभाळणाऱ्याचे आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक आणि मूल शाळेत शिकत असल्याचे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र हे कागद जवळ ठेवावेत. पाहा, शाळेचा कागद येथेही लागतो! शेरडांमागे धाडलेल्या मुलाचा अर्जही अडतो.

नात्यातले कोणीच नसलेले मूल रस्त्यावर, बाजारात किंवा एस.टी. स्थानकावर सापडले तर दया आली म्हणून त्यास परस्पर घरी ठेवून घेऊ नये. चोवीस तासांत बालकल्याण समितीस, पोलिसांस किंवा १०९८ ह्या बालमदत क्रमांकास कळवावे. परके मूल वाढवावयाचे तर २०१५ च्या बालन्याय कायद्याने त्याचीही वाट ठेविली आहे. समितीच्या हुकुमाने मूल घेणाऱ्या कुटुंबावर त्याचे अन्न, आरोग्य व शिक्षण ह्या तिन्हींची जबाबदारी त्या कायद्यात सांगितली आहे. शिक्षण हा घेणाऱ्याचा उपकार नव्हे, त्याचे कर्तव्य आहे.

कागद झाले, प्रवेश झाला, तरी काम पुरे होत नाही. आईबाप गेलेले मूल पुस्तक उघडून बसते व पान उलटत नाही. त्यास आळशी म्हणू नये. रात्री जेवणानंतर अर्धा तास कोणीतरी त्याच्या शेजारी बसावे आणि धडा मोठ्याने वाचून घ्यावा. बसणाऱ्यास वाचता आले पाहिजे असेही नाही. निरक्षर आजीने "वाच, मी ऐकते" म्हटले तरी मूल वाचते. गणितात जे मागचे राहिले असेल ते मंडळीतील एखाद्या दहावी-बारावीच्या मुलाने शिकवावे. पालकसभेस मावशीने किंवा मावशाने जावेच जावे. एस्तेर अनाथ होती. मर्दखयाने तिला मुलगी मानून वाढविले, आणि ती राजवाड्यात गेल्यावरही तो रोज अंगणापुढून येरझारा घालून तिची खबर घेत असे. वर्गशिक्षकास महिन्यातून एकदा भेटून मुलाची खबर घेणे हे त्यामानाने हलके काम आहे.

आपल्या मंडळींत जे शिक्षक आहेत त्यांस दोन शब्द. "माझी आई" हा निबंध देताना वर्गात कोण बसले आहे ते आधी पाहावे. "मला सांभाळणारे माणूस" असा विषय दिला तर काही बिघडत नाही. आणि वह्या वाटताना अनाथ मुलांस वेगळे उभे करून छायाचित्र काढण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस मुळीच आवडत नाही. वही आठ दिवसांत भरते, ती लाज भरून येत नाही.

आणखी एक प्रकार असा की, आईबाप जिवंत असून मूल अर्धे वर्ष परक्या घरी असते. कळंब, वाशी, भूम, परंडा ह्या बाजूंची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यास ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या सुमारास परततात. मूल फडावर नेले तर शाळा गेली. मागे ठेवले तर म्हातारी आजी व रिकामे घर. अशा मुलांसाठी गावोगावच्या शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात, तेथे त्यांस जेवण व अभ्यास मिळतो. पण मुलांची यादी कोयता निघण्यापूर्वी शाळेने तयार करावी लागते. गाड्या हलल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. उपदेशकांनी दसऱ्यापूर्वी घरोघर जाऊन कोणाचे मूल कोणाकडे राहणार हे विचारावे व शाळेस कळवावे. मागे राहिलेली मुलगी बारा-तेरा वर्षांची असली तर हे अधिकच जपावे. घरी कोणी नाही म्हणून अठरा वर्षांच्या आत तिचे हात पिवळे करण्याचा विचार बहुधा ह्याच महिन्यांत निघतो. तो कायद्याविरुद्ध आहे, आणि शाळेत रोज जाणाऱ्या मुलीविषयी तो तितक्या सहज निघत नाही.

वर सांगितलेल्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. शिमग्यानंतर आम्ही, मावसा व मंडळीचे एक वडील असे तिघे गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी तिला त्याच दिवशी हजेरीवर घेतले आणि दाखला पंधरा दिवसांत आला. जूनमध्ये ती वयाप्रमाणे सहावीत बसली. वर्षभर संध्याकाळी गावातील एक कॉलेजात जाणारी मुलगी तिला गणित शिकवीत असे. बालसंगोपनाचा हुकूम मिळण्यास बराच काळ लागला, पण तो मिळाला.

एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. तुळजापूरच्या नवोदय विद्यालयाची सहावीची प्रवेशपरीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते. तेथे निवड झाली की बारावीपर्यंत राहणे, जेवण व शिक्षण फुकट. पाचवीचे तिचे वर्ष शेरडांमागे गेले, आणि ती संधी दुसऱ्यांदा मिळत नाही. तिची निवड झालीच असती असे आम्ही म्हणत नाही. तिला पेपर लिहावयास बसता आले नाही, एवढे खरे. आता ती आठवीत आहे. आठवीच्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मावशाने ह्या वेळी तहसिलातून उत्पन्नाचा दाखला आधीच आणून ठेविला आहे, आणि परीक्षेच्या दिवशी तिला केंद्रावर कोण घेऊन जाणार हेही ठरले आहे.