घाम, साखर आणि खेळाडूचे डोके

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली हल्ली गावोगावी पहाटे सडकेवर पळताना दिसतात. पळणे झाले की त्यांतली काहीजण दुकानात जातात आणि रंगीत पाण्याची बाटली घेतात. त्याने दम टिकतो आणि डोके तरतरीत राहते, असे ती सांगतात. घरी बाप विचारतो, "पाणी विकत कशाला घेतोस रे?" पोरगा म्हणतो, "आबा, ते साधं पाणी नव्हे." दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे. ते कसे, हे या पाठात पाहू.

त्या बाटलीत असते तरी काय? पाणी, साखर, मीठ, रंग आणि वास. एक लिटर पेयात सुमारे ६० ग्रॅम साखर असते आणि मीठ सुमारे एक ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत चहाचे सात सपाट चमचे साखर झाली. एवढ्या साखरेचा चहा कुणी पुढे केला, तर तुम्ही तो पिणार नाही!

हे पेय निघाले अमेरिकेत. फ्लोरिडा नावाच्या राज्यात गेन्सव्हिल हे गाव आहे. तिथे विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ होता. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचे, अंगावर जाडजूड कवच, डोक्यावर टोप आणि वर रणरणते ऊन. खेळाडू घामाने निथळत, त्यांचे वजन उतरे, काहीजण चक्कर येऊन पडत. १९६५ साली त्या संघाच्या एका शिक्षकाने डॉक्टर रॉबर्ट केड यांना एक साधा प्रश्न विचारला. खेळ चालू असताना आमच्या पोरांना लघवीला का लागत नाही?

केड हे मूत्रपिंडाचे डॉक्टर. प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. त्यांनी खेळाडूंचे रक्त आणि घाम तपासले. अंगातले पाणी घामावाटे जाई, त्याबरोबर मीठही जाई आणि रक्तातली साखर उतरे. मग लघवीसाठी पाणी उरणार कुठून? केड आणि त्यांच्या सोबत्यांनी पाणी, मीठ आणि साखर एकत्र केली. चव इतकी वाईट झाली की कुणाला पिववेना. केड यांच्या पत्नीने सुचवले, यात लिंबाचा रस घाला. घरची बाई जे करते तेच हे झाले की नाही? त्या संघाचे नाव मगरींवरून होते. इंग्रजीत त्या मगरीला 'गेटर' म्हणतात, म्हणून पेयाला नाव पडले गेटोरेड. २ जानेवारी १९६७ रोजी त्या संघाने 'ऑरेंज बाउल' हा मोठा सामना २७ विरुद्ध १२ गुणांनी जिंकला आणि पेयाचा बोलबाला झाला.

आता डोक्याकडे येऊ. माणसाचा मेंदू वजनाने अंगाच्या पन्नासाव्या भागाएवढा. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगात जेवढे इंधन जळते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातली साखर. ती फार उतरली की माणूस गोंधळतो, चिडतो, हातपाय लटपटतात.

हे फार जुन्या काळी तपासले गेले आहे. बोस्टन शहरात दरवर्षी सुमारे ४२ किलोमीटरची शर्यत होते. १९२४ साली तिथल्या डॉक्टरांनी शर्यत संपल्यावर काही धावणाऱ्यांचे रक्त तपासले. काहीजणांची साखर फार उतरलेली निघाली. तीच माणसे पांढरीफटक पडलेली, गळालेली आणि चिडचिडी झालेली होती. पुढच्या वर्षी, १९२५ साली, डॉक्टरांनी त्यांना आदल्या दिवशी पोटभर पिठूळ अन्न खायला सांगितले आणि पळता पळता खायला गोड गोळ्या दिल्या. या खेपेस ती माणसे पुष्कळच चांगल्या स्थितीत शेवटास पोचली. तेव्हा बाटलीही नव्हती आणि तिची जाहिरातही नव्हती.

पाण्याचेही तसेच आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचे वजन घामाने सव्वा किलोच्या वर उतरले, तर पायांबरोबर डोकेही ढिले पडू लागते. लक्ष टिकत नाही, हाताचा आणि डोळ्याचा मेळ चुकू लागतो. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला कुणाचा हात कुठून येतो हे क्षणात ओळखावे लागते. तिथे ही ढिलाई महाग पडते. उन्हात मळणीवर राबणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे, बरं का.

यापुढची गोष्ट मात्र ऐकून आम्ही चकित झालो. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे काही सायकलपटूंना सुमारे तासाभराचे अंतर शक्य तितक्या वेगाने कापायला लावले. एकदा त्यांच्या शिरेतून साखर सोडली. वेग काही वाढला नाही. मग दुसरी तपासणी केली. पिठापासून काढलेली, गोड न लागणारी साखर पाण्यात विरघळवली. त्या पाण्याने मधून मधून नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायचे. पोटात एक थेंब नाही! तरी ते साध्या पाण्याची चूळ भरली तेव्हापेक्षा शेकडा तीनच्या आसपास अधिक वेगाने गेले. हे २००४ साली छापून आले. २००९ साली यंत्राने मेंदूची चित्रे काढून पाहिली. तोंडात साखर येताच, बक्षीस मिळाल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच जागे झालेले दिसले. 'इंधन येत आहे, रेट चालू ठेव' असा निरोपच जणू जिभेने मेंदूला दिला. म्हणजे थकवा हा नुसता पायांत नसतो, तो काही अंशी मेंदूचा हिशेब असतो.

मग पोरगा जिंकला म्हणायचा? थांबा. भरतीत मुलग्यांना १६०० मीटर पळायचे असते आणि मुलींना ८०० मीटर. १६०० मीटरला लागतात पाच-सहा मिनिटे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. पोटभर जेवलेल्या माणसाला तो तासाभराच्या जोरदार पळण्याला पुरतो. पाच मिनिटांच्या पळण्याला बाटलीची गरज काय? तासाच्या वर खेळ असेल, ऊन असेल, घाम फार जात असेल, तर असे पेय उपयोगी पडते. एरवी ती नुसती साखर. दात किडतात, वजन वाढते. मधुमेह असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिऊ नये.

आम्हाला विचाराल तर भरतीच्या दिवशी खरी अडचण पळण्याची नसते, रांगेची असते. मैदानावर उन्हात तासन् तास बसावे लागते. म्हणून सकाळी भाकरी खाऊन जावे. बरोबर पाणी न्यावे, आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत न्यावे. केड यांच्या पेयात आणि या सरबतात फार मोठे अंतर नाही.

पाणीसुद्धा बेताने प्यावे. २००२ साली बोस्टनच्या त्याच शर्यतीत ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले. शंभरातल्या तेरा जणांच्या रक्तात मिठाचे प्रमाण नको इतके उतरले होते. यांपैकी पुष्कळांनी इतके पाणी प्याले होते की शर्यतीअखेर त्यांचे वजन वाढलेले होते. असे झाले की मेंदूला सूज येते, माणूस भ्रमिष्टासारखे बोलतो, प्रसंगी प्राणही जातो. तहान लागेल तसे प्यावे, घटाघट लोटू नये.

दुकानात अगदी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटल्या आणि डबे असतात. त्यांत कॅफीन घातलेले असते. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीत असते ते द्रव्य. त्याने झोप उडते, डोके थोडा वेळ तरतरीत होते, हे खरे. पण छाती धडधडते, रात्री झोप येत नाही, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशीचा सराव गेला. मुलांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे पिऊ नये, अशी सूचना त्या डब्यावरच छापलेली असते. अक्षरे बारीक असतात, पण आता तुम्हाला वाचता येते. डबा उजेडात धरा आणि वाचा. 'साखर' किंवा 'शुगर' या शब्दापुढचा आकडा शोधा. तो बहुधा शंभर मिलिलिटरचा असतो. बाटली पाचशेची असेल तर त्याला पाचाने गुणा.

आणखी एक बाब, आणि आमच्या मते ही सर्वांत महत्त्वाची. लेकराला हगवण लागली तर खेळाडूचे पेय देऊ नका. त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असते. त्याने हगवण वाढू शकते. काही गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापून येत असत. २०२५ साली सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. खरी ओआरएसची पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सगळी विरघळवावी. रात्री-अपरात्री पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. नीट ढवळा आणि आधी स्वतः चाखून पाहा. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्या आणि नवे करा.