पट्टीआधी माणूस वाच

बाळा, आता तू शिवाजी पार्कजवळच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणार, तर तिथे येणारा पेशंट कसा असतो ते आधी ऐक. साठी ओलांडलेला, रोज पार्काला फेऱ्या मारणारा, "काही नाही हो डॉक्टर, गॅस धरलाय" म्हणत स्वतःच्या पायांनी येणारा. ओवा, इनो घरीच घेऊन झालेलं असतं. कुठे दुखतंय विचारल्यावर त्याने एका बोटाने जागा न दाखवता आख्खी मूठ छातीवर ठेवली, की त्याला कॉटवर आडवं कर. केसपेपर आणि डिपॉझिट नंतर. दारात पाऊल पडल्यापासून दहा मिनिटांत कार्डिओग्रामची पट्टी तुझ्या हातात हवी, हा जगभरचा दंडक आहे.

बायका आणि मधुमेही यांच्याबाबत जास्त सावध राहा. त्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. दरदरून घाम, दम लागणं, उलटी, जबडा किंवा खांदा भरून येणं, नुसतं "गळून गेल्यासारखं वाटतंय", एवढ्यावरही पट्टी काढ. कोणी हसलं तर हसू दे.

लीड स्वतः लावायला शीक, वॉर्डबॉय मामांवर सोडू नकोस. घाम पुसून घे, केस दाट असतील तर तेवढी जागा साफ कर. गळ्याखालच्या खळग्यापासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आण, एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी. तिच्या खालची फट दुसरी, तिथून मोजत चौथ्या फटीत ये. हाडाच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. घाईत हे दोन्ही एक-दोन फटी वर लागतात आणि पट्टीत नसलेला आजार दिसू लागतो. बाईच्या बाबतीत संकोचापायी व्ही४ भलतीकडे लावू नकोस. सिस्टरना बरोबर घे, पडदा ओढ, पण पाचव्या फटीतच लाव. पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं दिसलं, तर आधी हातांच्या वायरी अदलाबदल झाल्यात का ते बघ.

पट्टी हातात आली की नाव, वेळ, 25 मिलिमीटरचा वेग आणि 10 मिलिमीटरची उंची तपास. मशीनने वर छापलेलं निदान सगळ्यात शेवटी वाच. 'नॉर्मल' हा शब्द आधी डोळ्यांत शिरला, की डोळे शोधायचं थांबवतात.

दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी जरासा उचललेला वाटला, पण खात्री होईना, तर एव्हीएलकडे बघ. तिथे तो खाली दबलेला असेल तर शंकेला जागा फार थोडी. अशा वेळी उजव्या छातीवर व्ही४आर काढल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचं नाही. उजवी बाजू अडकलेली असली तर प्रेशर धाडकन खाली येतं. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी दबलेला दिसला, तर पाठीवर व्ही७ ते व्ही९ लाव. अटॅक हृदयाच्या मागच्या भिंतीत असू शकतो.

आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे, की पहिली पट्टी साफ आली म्हणून माणूस घरी पाठवायचा नाही. रक्ताची गुठळी वाढते, थोडी सुटते, पुन्हा अडकते. पट्टी त्यातला दहा सेकंदांचाच तुकडा दाखवते. दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढ, परत दुखू लागलं तर लगेच काढ. ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, त्यामुळे पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होऊ नकोस. नातेवाईक कुरकुरतील, "पुन्हा कशाला?" विचारतील. शांतपणे समजावून सांग.

अटॅक ठरला की ॲलर्जी किंवा रक्तस्राव नाही ना विचारून 300 मिलिग्राम ॲस्पिरिन चावायला दे आणि त्याच क्षणी कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलला फोन कर. फोनवर बोलता बोलता पट्टीचा फोटो पाठव. निदान झाल्यापासून 120 मिनिटांत तिथे पोचून अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे त्याच फोनवर ठरव. रात्री पार्कातून परळला केईएम गाठायला वेळ लागत नाही, पण दसऱ्याला आणि 6 डिसेंबरला गर्दीमुळे दादरचे काही रस्ते बंद असतात. त्या दिवसांचा रस्ता आदल्या दिवशीच ठरवून ठेव.

जुनी पट्टी असली तर निदान कितीतरी सोपं होतं. पण तो कागद उष्णतेने उमटणारा, काही वर्षांत पांढराफटक पडतो. म्हणून पार्काच्या कट्ट्यावर बसणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींना सांग: जुन्या कार्डिओग्रामचा फोटो आजच काढून मोबाइलमध्ये ठेवा, घरच्यांनाही पाठवा, आणि छातीत दुखू लागलं तर जिने न उतरता, गाडी न चालवता 108 ला फोन करा.