निळू फुले : एका चरित्र अभिनेत्याचा अभ्यास

स्नेहसंमेलनातील नाटकाची पात्रनिवड सुरू झाली की आपल्यापैकी प्रत्येकाला नायक व्हायचे असते. पाटील, सावकार वा कारकून उरलेल्यांच्या वाट्याला येतो. मीही त्या उरलेल्यांपैकीच एक. म्हणूनच निळू फुले यांची कारकीर्द मला अभ्यासावीशी वाटली.

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा नट. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’मधील झेलेअण्णामुळे ते चित्रपटात स्थिरावले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये त्यांनी सखाराम उभा केला. सेन्सॉरशी झगडलेले हे नाटक त्यांच्या ताकदीची साक्ष ठरले.

त्यांच्या अभिनयाचे मर्म दोन भूमिका शेजारी ठेवल्या की कळते. ‘सामना’ (१९७५) मधील हिंदूराव धोंडे पाटील हा सहकारसम्राट. ऊस, कारखाना आणि त्याभोवतीचे राजकारण आम्हा सायखेड्याच्या गोदाकाठच्या मुलांना परके नाही. त्यामुळे हिंदूराव पाहताना तो पडद्यावरचा वाटतच नाही. तो आरडाओरडा करीत नाही. सत्ता त्याच्या सावकाश बोलण्यात आणि रोखलेल्या नजरेत असते. म्हणूनच डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरांसमोर त्याचा धीर सुटू लागतो, तेव्हा एवढासा बदलही आपल्याला जाणवतो. याउलट ‘सिंहासन’ (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ केवळ पाहतो. येथे तोच नट बहुतेक वेळ ऐकत असतो. ही दोन्ही चित्रे डॉ. जब्बार पटेलांचीच. तोच चेहरा, पण एकाची भीती वाटते आणि दुसऱ्याची कणव येते.

पडद्यावरच्या या खलपुरुषाचा लोकांना खराखुरा राग येई. प्रत्यक्षात मात्र ते समाजवादी विचारांचे, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीस साथ देणारे गृहस्थ होते. लोकांचा राग ही त्यांच्या कामाची पावतीच होय. १३ जुलै २००९ रोजी ते निवर्तले.

नायक आपल्याला आवडून घ्यायचा असतो. चरित्र अभिनेत्याला मात्र नावडते होण्याची तयारी ठेवावी लागते. यंदा पाटलाची भूमिका मिळाली, तर मी ती उरलेली म्हणून घेणार नाही. मागून घेईन.