स्वयंचलित सुकाणू : मोटर-नियंत्रकातील दोषांचा शोध

लहान शिडाच्या नौकेतून एकट्याने दूरचा प्रवास करणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी अडचण झोपेची असते. सुकाणूचा दांडा चोवीस तास हाती धरणे कोणालाच शक्य नाही. म्हणून अनेक हौशी नाविक होकायंत्र, छोटा संगणक आणि विजेची मोटर जोडून स्वयंचलित सुकाणू घरीच तयार करतात. रास्पबेरी पाय या संगणकावर चालणारी ‘पायपायलट’ ही मुक्त प्रणाली त्यासाठी वापरली जाते. अशा यंत्रातील मोटर-नियंत्रकाचे दोष कसे ओळखावेत, हे आपण या पाठात पाहू.

होकायंत्र नौकेची दिशा सांगते. संगणक ती ठरवलेल्या दिशेशी ताडून आदेश देतो. नियंत्रक त्याप्रमाणे बॅटरीची वीज मोटरला पुरवतो आणि मोटर दांडा ढकलते. दोष यांपैकी कोठेही असो, लक्षण मात्र मोटरमध्येच दिसते.

पहिली तपासणी नौका धक्क्याला बांधलेली असतानाच करावी. उजवीकडे वळण्याचा आदेश दिल्यावर सुकाणूचे पाते उजवीकडे गेले पाहिजे. म्हणजे दांडा डावीकडे सरकेल. उलट घडले, तर समुद्रात यंत्र चूक कमी करण्याऐवजी वाढवत जाईल आणि नौका गोल फिरेल. उपाय सोपा आहे. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी किंवा नियंत्रकातील दिशा बदलावी. दोन्ही केल्यास आपण पुन्हा मूळ जागीच येतो!

आता अधिक गंभीर दोषाकडे वळू. मोटर थोडी चालते आणि थांबते. विद्युतधारेची ठरवलेली मर्यादा ओलांडली गेल्यामुळे नियंत्रकाने ती थांबवलेली असते. अशा वेळी मर्यादाच वाढवून टाकण्याचा मोह होतो. तो का टाळावा, हे आकड्यांवरून समजेल. समजा, मोटरच्या वेटोळ्याचा रोध १ ओहम आहे. ती नेहमीच्या कामात ३ अँपिअर धारा घेते, तेव्हा वेटोळ्यात ९ वॅट उष्णता निर्माण होते. दांडा अडकून मोटर जागच्या जागी थबकली, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२ अँपिअर धारा वाहू शकते आणि उष्णता १४४ वॅट होते. धारा चौपट, उष्णता सोळापट! मर्यादा नसेल, तर वेटोळे जळते. नौकेत आगीचाही धोका असतो. मात्र मर्यादा फारच कमी ठेवली, तर मागून जोराचा वारा येताच मोटर हार मानते, नौका भलतीकडे वळते आणि शिडाचा आडवा दांडा माणसांच्या डोक्यावरून वेगाने फिरतो. म्हणून आधी मोटर दांड्यापासून सोडवून चालवून पाहावी. मोकळी मोटर नीट चालली, तर सुकाणूच्या बिजागरीत घर्षण आहे का, ते तपासावे.

कधी नियंत्रक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. येथे बारीक तारांचा संशय घ्यावा. जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध ०.२ ओहम असेल, तर १० अँपिअर धारेला २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरीपाशी मोजलेले १२ व्होल्ट मग फसवे ठरतात. मोटर जोर लावत असतानाच नियंत्रकाच्या टोकांपाशी मोजणी करावी.

नौका नागमोडी जात असेल, तर दोष बहुधा विजेचा नसतो. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ साली या विषयावर शोधनिबंध लिहिला. कुशल सुकाणूधारी केवळ किती अंश चूक आहे एवढेच पाहत नाही. नौका किती वेगाने वळते आहे, हेही तो जाणतो आणि दिशा येण्यापूर्वीच सुकाणू परतवू लागतो. संगणकातही चुकीच्या प्रमाणाचा गुणांक कमी करावा किंवा वळण्याच्या वेगाचा गुणांक वाढवावा. एका वेळी एकच आकडा बदलून तो वहीत नोंदवावा. चाचणी मोकळ्या पाण्यात घ्यावी आणि मोटर दांड्यापासून एका हाताने सोडवता येते, याची आधी खात्री करावी.

स्वाध्याय
१. मोटर ४ अँपिअर धारा घेत असता, वरील वेटोळ्यात किती वॅट उष्णता निर्माण होईल?
२. बॅटरीपाशी १२ व्होल्ट असूनही नियंत्रक बंद का पडतो, ते सांगा.