नव्याने सजवलेला जुना शेवरोले पिकअप

प्रश्न : दुरुस्त करून विक्रीला काढलेला जुना शेवरोले पिकअप कसा पारखावा?

उत्तर : शेवरोले मुंबईला परकी नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी कारखाना सुरू केला. तो १९५४ पर्यंत चालला. अशा गाडीत चकचकीत रंगापेक्षा चासी महत्त्वाची. खारी हवा आणि मुंबईचा पाऊस पत्रा आतून खातो. गंजावर लांबी जाड भरली असेल, तर तिथे लोहचुंबक नीट धरत नाही. केबिनचा तळ आणि हौद्याचा सांगाडा खालून, बॅटरीच्या उजेडात पाहावा. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाडीचे मूळपण मोठ्या प्रमाणात हरवते, ही खरी हानी.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते : शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. ती प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. पिकअपची जुनी नोंद मालवाहू असू शकते, म्हणून इसार देण्याआधी आरटीओत विचारणा करावी. आरसी बुकातील चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर ती घेऊ नये.